ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉप-मॉनिटरवरचा जीएसटी : क्रेडिट नक्की कसं पदरात पडतं?

फुलस्क्रीन

माझा व्हिडिओ एडिटिंगचा छोटा व्यवसाय आहे, एकल मालकीचा. जीएसटी नोंदणी आहे, रेग्युलर, कंपोझिशनमध्ये (ठरावीक दराने कर भरायची, पण क्रेडिट न देणारी योजना) नाही. निम्मी कामं भारतातल्या कंपन्यांची आणि निम्मी परदेशी ग्राहकांची. परदेशी कामांसाठी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरलेलं आहे.

आता एक तगडा लॅपटॉप, मोठा मॉनिटर, दोन हार्डडिस्क आणि एक धड खुर्ची घ्यायची आहे. सगळं ऑनलाइन. ऑर्डर अजून केलेली नाही, म्हणून आधीच विचारतोय. १८ टक्के ही काही चिल्लर रक्कम नाही. तो पैसा परत मिळतो म्हणजे नेमका कुठे मिळतो, बँकेत येतो का? बिल कोणत्या नावाने हवं? वैयक्तिक क्रेडिट कार्डाने पैसे भरले तर चालतं का? आणि लॅपटॉपवर रात्री सिनेमे पाहिले तर काय, हेही कुणीतरी सांगा. :)

खतावणी

ऑर्डरच्या आधी विचारताय हे उत्तम. या विषयावर मला येणारे नव्वद टक्के फोन ऑर्डर झाल्यानंतरचे असतात.

आधी पैशाचं. बँकेत काही येत नाही. खरेदीवर भरलेला कर तुमच्या इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजरमध्ये जमा होतो, आणि तुम्ही ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी सरकारला भरताना तो तिथून वळता करता येतो. लॅपटॉप १,१८,००० चा असेल तर त्यात १८,००० कर आहे. पुढच्या महिन्यात तुमच्या इथल्या कामांवर २५,००० कर देणं लागत असेल तर रोख फक्त ७,००० भरायचे. देणं नसेल तर क्रेडिट तसंच पडून राहतं. ते बुडत नाही, पण हातातही येत नाही. तुमची अर्धी कामं निर्यातीची असल्यामुळे इथे एक गंमत आहे, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता मुख्य गोष्ट. ऑर्डर करताना, पैसे भरण्याच्या आधी, तुमचा १५ अंकी-अक्षरी जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि नोंदणीतलं नाव तिथे घाला. मोठ्या साइट्सवर त्यासाठी रकाना किंवा व्यवसायाचं वेगळं खातं असतं. तो घातला नाही तर विक्रेता ती विक्री सामान्य ग्राहकाची म्हणून दाखवतो. तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (विक्रेत्यांच्या रिटर्नवरून पोर्टल दर महिन्याला बनवतं ती तुमच्या खरेदीची यादी) ती येत नाही, आणि १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही. कलम १६(२)(एए). नंतर 'बिलावर नंबर टाकून द्या' म्हणून कस्टमर केअरला कितीही विनवलं तरी बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो.

बिल साइटचं नसतं, विक्रेत्याचं असतं. एकाच कार्टमध्ये चार वस्तू टाकल्या आणि त्या चार विक्रेत्यांच्या निघाल्या, तर चार बिलं येतील. 'सोल्ड बाय'च्या खाली ज्याचं नाव आहे त्याचा जीएसटीआयएन पोर्टलवरच्या करदाता शोधात टाकून बघा. नोंदणी रद्द झालेली दिसली तर दुसरा विक्रेता धरा. हे दोन मिनिटांचं काम कुणीही करत नाही.

वैयक्तिक कार्ड चालतं. एकल मालकीत तुम्ही आणि तुमचा व्यवसाय यांचा पॅन एकच. कंपनी किंवा एलएलपी असती तर संचालकाने भरलेले पैसे कंपनीच्या वहीत नीट दाखवावे लागले असते.

सिनेमांचं : व्यवसायाबाहेरच्या वापराच्या प्रमाणात क्रेडिट सोडावं लागतं, असं कलम १७ म्हणतं. रात्रीच्या एका सिनेमावरून कुणी तुमचा लॅपटॉप जप्त करणार नाही. पण घरच्यांसाठी घेतलेला दुसरा टॅब्लेट व्यवसायाच्या नावावर घालू नका. वैयक्तिक वापराच्या वस्तूचं क्रेडिट १७(५) मध्ये साफ बंद आहे.

अर्धाचहा

एवढं काही नसतं हो. मी पीडीएफ सीएला पाठवतो, तो क्रेडिट घेतो, विषय संपला. २बी वगैरे मी आयुष्यात उघडून पाहिलेलं नाही.

खतावणी

@अर्धाचहा, तुम्ही उघडत नाही म्हणजे तुमचे सीए उघडतात. त्यांना चहा पूर्ण पाजा. :)

आता ३बी (ज्यात तुम्ही क्रेडिट घेता ते रिटर्न) आणि २बी मधला फरक यंत्रणा स्वतःच पकडते. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की डीआरसी-०१सी नावाची सूचना येते : खुलासा द्या, नाहीतर पैसे भरा. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलंही असेल तर वर १८ टक्के व्याज. नुसतं घेतलं, वापरलं नाही आणि रिव्हर्स केलं (लेजरमधून परत काढून टाकलं), तर व्याज लागत नाही.

एक्सेलवाली

माझा एक अनुभव. ऑनलाइन प्रिंटर घेतला, जीएसटीआयएन व्यवस्थित घातला होता, बिलावरही होता. तरी २बी मध्ये बिल नाही. एप्रिलचं बिल, मे महिन्याच्या १४ तारखेला २बी आलं, त्यात नाही. जूनमध्येही नाही. विक्रेत्याला मेल केले, उत्तर नाही. मी क्रेडिट गेलं असं समजून सोडून दिलं होतं. आणि जुलैत अचानक दिसलं! हे काय गौडबंगाल?

खतावणी

गौडबंगाल नाही, तिमाही रिटर्न. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेला विक्रेता क्यूआरएमपी योजनेत राहू शकतो. तो जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) तीन महिन्यांतून एकदा भरतो. मधल्या महिन्यांची बिलं आयएफएफमधून चढवायची सोय आहे, पण ती ऐच्छिक. त्याने ती वापरली नाही की एप्रिलचं बिल जूनच्या २बी मध्ये, म्हणजे १४ जुलैला दिसतं. ऑनलाइन साइट्सवरचे बरेच छोटे विक्रेते याच गटात असतात.

घाई नसते, हे लक्षात ठेवा. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं असेल तर तोपर्यंत, क्रेडिट घेता येतं. २०२५-२६ मधल्या बिलाला ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर मात्र गेलं ते गेलं.

आणखी एक. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस आलंय. विक्रेत्याने चढवलेलं प्रत्येक बिल तिथे दिसतं; स्वीकारा, नाकारा किंवा प्रलंबित ठेवा. काहीच केलं नाही तर स्वीकारलं असं धरलं जातं. माल अजून हातात आला नसेल तर प्रलंबित ठेवा, कारण माल मिळाल्याशिवाय क्रेडिट नाही.

उधार_उसनवार

माझा प्रश्न बारीक आहे. साइट १ टक्का टीसीएस (पैसे गोळा करतानाच कापायचा कर) कापते म्हणतात. ते आपल्याला परत मिळतं का? आणि नो कॉस्ट ईएमआयवर घेतलं तर?

एक्सेलवाली

टीसीएस विक्रेत्याचं, आपलं नाही. साइट त्याला पैसे देताना कापते, तो ते त्याच्या रोख लेजरमध्ये घेतो. शिवाय १० जुलै २०२४ पासून दर अर्धा टक्का झालाय. खरेदीदाराचा संबंध शून्य.

ईएमआयचं थोडं वेगळं. बँक विक्रेत्याला एकरकमी देते, म्हणून वस्तूवरचं क्रेडिट पहिल्याच महिन्यात पूर्ण घेता येतं, हप्ता संपायची वाट बघायची नाही. मात्र कार्डाच्या व्याजावर बँक १८ टक्के जीएसटी लावते, तो 'नो कॉस्ट'मध्येही स्टेटमेंटवर गुपचूप दिसतो. तो कर तुमच्या व्यवसायाच्या जीएसटीआयएनवर बँकेने दाखवला तरच क्रेडिट. वैयक्तिक कार्डावर तो सहसा नसतो. तो खर्चात धरा आणि पुढे चला.

नवा_गडी

मी अजून नोंदणी केलेली नाही. सेवा देतो, उलाढाल २० लाखांच्या आत आहे. पुढच्या महिन्यात ऐच्छिक नोंदणी करणार आहे. पण सेल आत्ता चालू आहे. लॅपटॉप आज घेतला आणि नंतर क्रेडिट घेतलं तर?

खतावणी

थांबा! आधी नोंदणी, मग लॅपटॉप.

नवीन नोंदणीवाल्याला आधीच्या खरेदीचं क्रेडिट मिळतं ते फक्त साठ्यातल्या मालाचं (ऐच्छिक नोंदणीला कलम १८(१)(बी)). भांडवली वस्तूंचं, म्हणजे लॅपटॉपसारख्या वर्षानुवर्षं वापरायच्या वस्तूंचं, मिळत नाही. ऐच्छिक नोंदणी मंजूर झाल्याच्या तारखेपासून लागू होते, त्यामुळे आजचा लॅपटॉप कायमचा बाहेर. सेलमधली सूट १० टक्के आणि गमावलेला कर किमतीच्या सुमारे १५ टक्के (१८ भागिले ११८), हिशेब तुम्हीच करा.

कंपोझिशनमधून रेग्युलरमध्ये येणाऱ्याला मात्र भांडवली वस्तूंचंही मिळतं, दर तिमाहीला ५ टक्के कमी करून. बिल एक वर्षापेक्षा जुनं नको. त्यासाठी आयटीसी-०१ हा फॉर्म तीस दिवसांत भरायचा.

आडवाटेने

@नवा_गडी, क्रेडिटसाठी म्हणून नोंदणी करत असाल तर दोनदा विचार करा. नोंदणी झाली की तुमच्या प्रत्येक बिलावर १८ टक्के चढतात. ग्राहक नोंदणीकृत कंपन्या असतील तर त्यांना फरक पडत नाही, ते क्रेडिट घेतात. ग्राहक घरगुती असतील, लग्नाचे फोटो, शिकवण्या असं काही, तर तुम्ही एका रात्रीत महाग होता. शिवाय रिटर्न शून्य असलं तरी भरायचं, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, शून्य नसेल तर ५०. एका लॅपटॉपसाठी हा व्याप मी तरी घेणार नाही.

नवा_गडी

ग्राहक कंपन्याच आहेत, आणि त्यातले दोघं नोंदणी नाही म्हणून काम देत नाहीत. त्यामुळे नोंदणी होणारच. सेल सोडतो. धन्यवाद.

डॉलरवाली

@फुलस्क्रीन, खतावणीताईंनी म्हटलेली 'गंमत' मी सांगते, कारण माझं काम जवळपास सगळं निर्यातीचं आहे आणि ती मला चांगलीच परिचयाची आहे.

एलयूटीवर निर्यात करणाऱ्याला न वापरलेलं क्रेडिट रोख परत मागता येतं, हे सगळे सांगतात. पण नियम ८९(४) मधल्या सूत्रात जे 'नेट आयटीसी' (परताव्यासाठी धरलं जाणारं क्रेडिट) आहे त्यात फक्त इनपुट (कामात खपणाऱ्या वस्तू) आणि इनपुट सेवा येतात. भांडवली वस्तू नाहीत! म्हणजे इंटरनेट, सॉफ्टवेअर, सीएची फी यांवरचा जीएसटी परताव्यात येतो, आणि सगळ्यात मोठी रक्कम, लॅपटॉपची, लेजरमध्ये बसून राहते. भारतात विक्री असेल तर ती हळूहळू वापरली जाते. माझ्यासारखीला तो अडकलेला पैसा.

वाट आहे. निर्यात एलयूटीवर न करता आयजीएसटी (परराज्यातल्या आणि परदेशी व्यवहारांवरचा जीएसटी) भरून करायची. १ लाखाचं निर्यात बिल, त्यावर १८,००० आयजीएसटी, तो क्रेडिट लेजरमधून वळता करायचा. मग भरलेल्या कराचा परतावा मागायचा. इथे लेजरमधलं क्रेडिट भांडवली वस्तूचं की इनपुटचं, हा भेद उरत नाही. ग्राहकाकडून ते १८,००० घ्यायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नकोच. १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या अधिसूचनेत पान मसाला, तंबाखू वगैरे मोजक्या वस्तू सोडून बाकी सगळ्यांना हा मार्ग खुला आहे, सेवांनाही.

सेवांसाठी आरएफडी-०१ हा परताव्याचा अर्ज स्वतः भरावा लागतो, आणि परकीय चलन आल्याचा बँकेचा पुरावा, एफआयआरसी किंवा बीआरसी, प्रत्येक बिलाशी जुळवून लागतो. मुदत दोन वर्षं. निवडक बिलांवर कर भरायचा आणि बाकी एलयूटीवर ठेवायची असंही लोक करतात. पण ते बिल काढण्याच्या आधी ठरवायचं असतं, म्हणून सीएशी आधी बोला.

फुलस्क्रीन

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. माझं इथलं देणं महिन्याला १५ ते २० हजार असतं, म्हणजे मला ही वाट लागणार नाही बहुधा?

डॉलरवाली

नाही लागणार. एक-दोन महिन्यांत सगळं क्रेडिट वापरलं जाईल. उगीच परताव्याच्या फायली करू नका. फक्त एक बघा : विक्रेता तुमच्याच राज्यातला असेल तर बिलावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) निम्मं निम्मं येईल. सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीच्या देण्याला चालत नाही, उलटही नाही. दोन्ही आयजीएसटीच्या देण्याला चालतात. तुमचे ग्राहक परराज्यातले असले तरी अडचण नाही.

मध्यरात्र

राज्यावरून आठवलं. माझी नोंदणी महाराष्ट्रातली, घर गोव्यात. वस्तू गोव्याला मागवली तर? बिलावर महाराष्ट्राचा जीएसटीआयएन घालीनच.

खतावणी

विक्रेता गोव्यातलाच निघाला तर सीजीएसटी आणि गोव्याचा एसजीएसटी लागेल, आणि तो महाराष्ट्राच्या नोंदणीला मिळत नाही. २बी मध्ये बिल दिसेल, पण 'क्रेडिट उपलब्ध नाही' या रकान्यात. विक्रेत्याचं राज्य आणि पुरवठ्याचं ठिकाण एकच आणि खरेदीदाराची नोंदणी दुसऱ्या राज्यातली, की पोर्टल हे आपोआप करतं. व्यवसायाच्या नोंदलेल्या पत्त्यावरच मागवा आणि मग घेऊन जा. गोवा काही लांब नाही.

जुनं_ते_सोनं

रिफर्बिश्ड लॅपटॉपबद्दल कुणी बोललंच नाही. १,१८,००० चा नवा घेण्यापेक्षा तसाच १,०५,००० ला मिळतोय, वॉरंटीसह.

खतावणी

नोंदणी असलेल्याने छापील किंमत बघायचीच नाही, कर वजा जाता किंमत बघायची. नवा तुम्हाला १,००,००० ला पडतो. जुन्या वस्तू विकणारे बरेच जण मार्जिन पद्धतीने कर भरतात, म्हणजे फक्त त्यांच्या नफ्यावर. मग तुमच्या बिलावर १८ टक्के वेगळे दिसतच नाहीत आणि क्रेडिटसारखं काही हाती लागत नाही. म्हणजे 'स्वस्त' लॅपटॉप ५,००० ने महाग. पूर्ण कराचं बिल देणारा विक्रेता मिळाला तर गोष्ट वेगळी, विचारून घ्या.

मॉनिटर बघताना जुन्या लेखांवर विसंबू नका. ३२ इंचांवरच्या मॉनिटरला पूर्वी २८ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८.

कानात_वारा

मी एक मायक्रोफोन थेट परदेशी साइटवरून मागवतोय. कुरिअर कंपनी ड्युटी आणि आयजीएसटी भरते आणि मला बिल लावते. हे क्रेडिट?

एक्सेलवाली

कुरिअरचं बिल हा त्या कराचा पुरावा नाही. पुरावा म्हणजे बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क विभागाकडचा आयातीचा कागद), आणि त्यावर तुमचा जीएसटीआयएन हवा. माल निघण्याच्या आधीच कुरिअरला केवायसीत तो द्या, नाहीतर ते वैयक्तिक आयात म्हणून सोडवतात. क्रेडिट फक्त आयजीएसटीचं. मूळ सीमाशुल्क वस्तूच्या किमतीत जातं.

फुलस्क्रीन

आता शेवटचे दोन. वस्तू परत केली तर? आणि घसाऱ्याचं काय करायचं?

खतावणी

परत केली की विक्रेता क्रेडिट नोट काढतो, ती २बी मध्ये येते, तेवढं क्रेडिट रिव्हर्स करायचं. बदलून दिलेल्या वस्तूचं नवं बिल येतं. त्या नव्या ऑर्डरवर जीएसटीआयएन पुन्हा आलाय का ते तपासा. बदलीच्या वेळी तो गळतो. वस्तू चोरीला गेली किंवा फुटून निकामी झाली तरी क्रेडिट रिव्हर्स करावं लागतं. तुमच्या हार्डडिस्कना हे लागू पडू शकतं, म्हणून सांगितलं.

घसारा : कराच्या रकमेवर घसारा लावला तर क्रेडिट नाही, कलम १६(३). क्रेडिट घ्यायचं तर वहीत लॅपटॉप १,००,००० ला चढवायचा, १,१८,००० ला नाही. आयकरात संगणकाला ४० टक्के घसारा आहे, पण तो त्या लाखावर. दोन्हीकडून घेता येत नाही.

आडवाटेने

आणि दोन वर्षांनी लॅपटॉप विकायचा झाला तर? हा प्रश्न सगळे विसरतात.

खतावणी

बरोबर. विकताना दोन रकमा काढायच्या. घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला किंवा तिच्या भागाला ५ टक्के वजा करून जे उरतं ते एक. विक्रीच्या किमतीवरचा कर ही दुसरी. जी जास्त ती भरायची. १८,००० क्रेडिट, आठ तिमाह्या झाल्या, ४० टक्के गेले, उरले १०,८००. तुम्ही तो कराआधी ४०,००० ला विकला तर त्यावर १८ टक्के म्हणजे ७,२००. भरायचे १०,८००. ग्राहकाकडून मात्र ७,२००च मिळतील, उरलेले ३,६०० तुमच्या खिशातून. म्हणून लवकर विकणाऱ्याला हा सौदा तितकासा गोड नाही. पाच वर्षं वापरलात तर पहिली रक्कम शून्य होते आणि फक्त विक्रीवरचा कर उरतो.

फुलस्क्रीन

माझे लॅपटॉप पाच वर्षं टिकतात, त्यानंतर कुणी विकत घेत नाही. :) लॅपटॉप आणि मॉनिटरचे विक्रेते पोर्टलवर तपासले. दोन्ही नोंदण्या चालू आहेत, एक मासिक रिटर्नवाला, एक तिमाही. खुर्चीवाल्याची नोंदणी रद्द दिसतेय, त्यामुळे खुर्ची दुसरीकडून बघतो.

अर्धाचहा

मी माझ्या प्रिंटरवाल्याचा नंबर आत्ता टाकून पाहिला. त्याचीही रद्द. सीएला फोन लावतोय.